कंडक्टर तालमीत नेमके काय करतो? बीथोव्हेनच्या पाचव्या सिम्फनीच्या आधाराने एक उत्तर

प्रश्न असा आहे की वाद्यवृंदातल्या प्रत्येक वादकासमोर नोटेशन असते आणि प्रत्येकाला ते वाचताही येते. मग तालमीत कंडक्टर नेमके काय करतो, आणि चार-पाच तालमींत अख्खी सिम्फनी (वाद्यवृंदासाठीची अनेक भागांची मोठी रचना) कशी बसवली जाते? मुंबईत हे कसे चालते, असेही विचारले आहे. मी आधी बरीच वर्षे वाद्यवृंदात व्हायोला वाजवली आणि नंतर कंडक्टर म्हणून काम केले, त्यामुळे या तालमी मी काठीच्या दोन्ही बाजूंनी पाहिल्या आहेत. मोघम उत्तर देण्यापेक्षा बहुतेकांच्या कानावरून गेलेली एकच रचना घेऊन सांगतो: बीथोव्हेनची सी मायनरमधली पाचवी सिम्फनी.

तालीम पुरेशी न मिळाल्यास काय होते, हे या सिम्फनीने जन्मतःच पाहिले आहे. 22 डिसेंबर 1808 रोजी व्हिएन्नात तिचा पहिला प्रयोग झाला. थंडीने गारठलेल्या नाट्यगृहात चार तासांचा कार्यक्रम होता. पाचवी, सहावी, चौथा पियानो कॉन्चेर्टो (एकल वादक आणि वाद्यवृंद यांची रचना) आणि शिवाय बरेच काही एकाच संध्याकाळी वाजवायचे होते. बीथोव्हेनचे वादकांशी इतके बिनसले होते की तालमीच्या वेळी त्याला दालनाबाहेर थांबावे लागले, अशी आठवण त्याच्या समकालीनांनी नोंदवून ठेवली आहे. त्याच कार्यक्रमातली शेवटची रचना, कोरल फँटसी, मध्येच कोसळली आणि पुन्हा सुरू करावी लागली. वादक नवशिके नव्हते, पण इतके संगीत इतक्या थोड्या तयारीत एकत्र बसणे शक्यच नव्हते.

कंडक्टरचे निम्मे काम पहिल्या तालमीपूर्वी, घरच्या टेबलावर होते. स्कोअर म्हणजे सगळ्या वाद्यांच्या ओळी एकाखाली एक छापलेले पुस्तक. ते फक्त कंडक्टरसमोर असते. वादकासमोर असतो तो त्याचा एकट्याचा पार्ट. दुसऱ्या बासूनवादकाला आपण 40 बार (बार म्हणजे ठराविक मात्रांचा एक खंड) गप्प बसायचे आहे एवढेच दिसते. त्या 40 बारमध्ये बाकीचे काय करत आहेत हे त्याच्या कागदावर नसते. तालमीचे सगळे प्रयोजन मला या एका गोष्टीत दिसते. वादकाला त्याचा पार्ट शिकवणे हे कंडक्टरचे काम नाही, ते तो घरी करून येतो. त्याच्या कागदावर जे नाही ते त्याच्या कानापर्यंत पोहोचवणे, हे कंडक्टरचे काम.

स्कोअर वाचताना मी ठरवतो की कोणत्या जागी कोणाचा आवाज वर असावा, श्वास कुठे घ्यायचा, बीथोव्हेनने 1817 मध्ये प्रसिद्ध केलेले मेट्रोनोमचे (गती मोजणाऱ्या यंत्राचे) आकडे कितपत पाळायचे आणि कोणती आवृत्ती वापरायची. त्यानंतर बोइंग, म्हणजे गज कुठे वर आणि कुठे खाली ओढायचा हे ठरवणे, येते. सोळा व्हायोलिने एकाच दिशेने गज ओढताना दिसतात ती काही आपोआप होणारी गोष्ट नाही. कॉन्सर्टमास्टर (पहिल्या व्हायोलिनांचा प्रमुख) आणि प्रत्येक विभागाचा प्रमुख वादक पार्टवर खुणा करतो आणि वाद्यवृंदाचा लायब्ररियन त्या प्रत्येक स्टँडवरच्या प्रतीत उतरवतो. हे तालमीआधी झाले नाही तर पहिला तास गज वर की खाली या चर्चेतच जातो.

इथे माझी एक फजिती सांगतो. एका ठिकाणी पाहुणा कंडक्टर म्हणून गेलो असताना माझा स्कोअर एका प्रकाशकाचा आणि वादकांचे पार्ट दुसऱ्याचे निघाले. तालमीत बार मोजत बसायला नको म्हणून छापील प्रतीत ठराविक अंतरावर ए, बी, सी अशी अक्षरे असतात, आणि दोन आवृत्त्यांत ती वेगवेगळ्या जागी होती. मी म्हणालो, ‘सी पासून,’ हात खाली आणला आणि जो गोंगाट उठला तो अजून कानात आहे. पार्टवर बारचे क्रमांकही नव्हते, त्यामुळे पहिली वीस मिनिटे पेन्सिलीने आकडे घालण्यात गेली. चूक सर्वस्वी माझी होती. पार्ट आधी मागवून पाहायला हवे होते. तेव्हापासून स्कोअर कितीही ओळखीचा असला तरी पहिल्या व्हायोलिनचा एक पार्ट शेजारी ठेवून ताडून पाहिल्याशिवाय मी घरून निघत नाही.

आता वेळापत्रक. तालीम साधारण अडीच ते तीन तासांची असते, मध्ये पंधरा-वीस मिनिटांची सुटी असते, आणि व्यावसायिक वाद्यवृंदात ती ठरल्या मिनिटाला संपते. पाचवी जेमतेम 35 मिनिटांची आहे, पण त्याच कार्यक्रमात एखादा कॉन्चेर्टो आणि एखादी ओव्हर्चरही (सुरुवातीची छोटी रचना) असते. म्हणजे चार तालमी मिळाल्या तरी सिम्फनीच्या वाट्याला पाच-सहा तासच येतात. म्हणून मी उलट्या क्रमाने, चौथ्या भागापासून सुरुवात करतो. या सिम्फनीत तीन ट्रॉम्बोन, पिकोलो आणि कॉन्ट्राबासून फक्त शेवटच्या भागात वाजतात. त्या पाच जणांना दोन तास हाताची घडी घालून बसवण्यात अर्थ नाही. त्यांचे काम आधी उरकून त्यांना मोकळे केले की तेही खूश आणि उरलेले लोक पहिल्या भागाच्या बारकाव्यांकडे निवांत वळतात. कोणाला किती वेळ थांबवायचे याचा हिशेब ज्या कंडक्टरला जमत नाही, त्याच्या संगीतविचारांकडे वादक फार काळ लक्ष देत नाहीत.

पहिल्या तालमीत प्रत्येक भाग मी एकदा न थांबता वाजवून घेतो. चुका होतात, मला त्या ऐकू येतात, वादकांनाही येतात. अनुभवी वादकाला एकदा चुकल्यावर सांगावे लागत नाही. तो पेन्सिल उचलून खूण करतो आणि पुढच्या वेळी चूक गायब होते. म्हणून त्या फेरीत मी फक्त मनात नोंद ठेवतो की कोणती चूक आपोआप दुरुस्त होईल आणि कोणती वाजवत राहिल्याने आणखी पक्की होईल. थांबायचे ते दुसऱ्या प्रकारच्या चुकीसाठी. व्हायोलाच्या खुर्चीवर बसून मी पाहिलेले कंडक्टर बहुतेक वेळा या निवडीत फसत. दर आठ बारला थांबणाऱ्याच्या तालमीत वादकांना रचनेचा ओघ कधी कळतच नाही, आणि कधीच न थांबणाऱ्याच्या तालमीत ते आपल्याच सवयी वाजवून घरी जातात.

आता पहिल्या पाच बारकडे जरा जवळून पाहू. जगाला ठाऊक असलेले ते चार ठोके, तीन आखूड आणि एक लांब, वाचायला पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही जमतील. अडचण अशी आहे की रचना आवाजाने सुरू होतच नाही. पहिल्या बारच्या आरंभी आठव्या हिश्श्याची विश्रांती आहे, आणि तीन आखूड स्वर त्यानंतर येतात. आपल्या भाषेत सांगायचे तर पहिली सम बीथोव्हेनने रिकामी ठेवली आहे. ख्यालात मुखडा समेच्या आधी उचलून समेवर येतो, तेव्हा तबल्याचा ठेका आधीपासून चालू असल्यामुळे सम कुठे आहे हे सगळ्यांना ठाऊक असते. इथे मागे ठेकाच नाही. आधी काहीही ऐकलेले नसताना सर्व तंतुवाद्ये आणि दोन क्लॅरिनेट यांना कंडक्टरच्या हाताने हवेत टाकलेली सम पाहून तिच्यानंतरच्या निमिषात एकदम उमटायचे असते. गतीही तेव्हाच कळायला हवी, कारण बीथोव्हेनचा आकडा अर्ध्या स्वराला मिनिटाला 108 असा आहे आणि एका बारला हाताची एकच थाप मिळते.

इथे नवा कंडक्टर घाबरून दोन-तीन रिकाम्या थापा आधी देतो. मी एकच तयारीची थाप देतो आणि तिच्याबरोबर ऐकू येईल असा श्वास घेतो. गज धरणारे लोकही त्या श्वासाबरोबर श्वास घेतात. तीन आखूड स्वरांची सुरुवात गज वर नेऊन करायची, म्हणजे चौथा, लांब स्वर आपोआप डाउन-बोवर, मनगटाच्या पूर्ण वजनासह येतो. हे स्वर घाईत गुंडाळले जाऊन त्यांची तिगोडी (एका मात्रेत तीन समान स्वर) होण्याचा धोका कायम असतो, म्हणून ते आधी संथ गतीत, नंतर फक्त व्हायोला आणि चेलोंकडून, मग सगळ्यांकडून वाजवून घेतो. चौथ्या स्वरावर विराम, म्हणजे स्वर धरून ठेवण्याची खूण, आहे. तो किती धरायचा ते स्कोअरमध्ये लिहिलेले नाही, पण एक खूण आहे: दुसऱ्या वेळचा लांब स्वर एक बार जास्त बांधलेला आहे, म्हणजे दुसरा विराम पहिल्यापेक्षा लांब हवा. हा फरक ऐकू आला नाही तर पाच बारचे वाक्य दोन सुटे धक्के होऊन बसते. विराम तोडण्याची खूणही अशी हवी की तीच पुढच्या प्रवेशाची तयारी व्हावी. तोडायला एक आणि सुरू करायला दुसरी अशा दोन खुणा केल्या की पन्नास तंतुवाद्यांपैकी चार जण तरी पहिलीवरच सुटतात.

त्यापुढच्या बारमध्ये आवाज एकदम हळू होतो आणि तालमीच्या दृष्टीने खरी मौज तिथे आहे. श्रोत्याला ती एक सलग चाल वाटते, पण ती कोणीच पूर्ण वाजवत नाही. दुसरे व्हायोलिन चार स्वर वाजवून शेवटचा धरून ठेवते, त्यावर व्हायोला आपले चार ठेवते, त्यावर पहिले व्हायोलिन. प्रत्येकाच्या पार्टवर केवळ एक तुकडा दिसतो आणि स्वाभाविकपणे प्रत्येक जण तो एकट्याचा असल्यासारखा, सुरुवातीला जोर देऊन वाजवतो; परिणामी चाल उचक्या लागल्यासारखी ऐकू येते. मी बाकी सगळ्यांना थांबवतो आणि या तीन विभागांकडून तेवढेच बार दोनदा घेतो. पहिल्यांदा जसे आहे तसे. दुसऱ्यांदा फक्त एवढे सांगून, की तुमच्या आधीच्याने जितक्या आवाजात सोडले तितक्याच आवाजात उचला. यावर व्याख्यान लागत नाही. एकमेकांचे तुकडे एकदा कानावर पडले की वादक ते स्वतःच जुळवतात.

बैठकीचाही इथे संबंध येतो. जुन्या व्हिएन्नी पद्धतीने पहिली व्हायोलिने डावीकडे आणि दुसरी समोरासमोर उजवीकडे बसवली तर ही देवाणघेवाण श्रोत्याला रंगमंचावर फिरताना ऐकू येते. दोन्ही शेजारी बसवली तर एकत्र वाजणे सोपे जाते. तालमी तीनच असतील तर मी दुसरा मार्ग पत्करतो. अंतर वाढले की एकत्र राहायला वेळ लागतो, आणि तो उधार आणता येत नाही.

सूचना कशी द्यावी याचाही एक शिरस्ता आहे: आधी कोण, मग कुठे, मग काय. ‘पहिले व्हायोलिन, बार 63, अधिक गाणारे,’ एवढे म्हटले की ते लोक पार्टकडे पाहतात आणि बाकीचे विसावतात. ‘इथे मला दैवाची पडछाया हवी आहे’ असे म्हटल्यास सत्तर माणसे एकमेकांकडे पाहतात आणि कोणाचाच गज वेगळा चालत नाही. रूपकांना माझा विरोध नाही. विसाव्या शतकातला कंडक्टर कार्लोस क्लायबर याची तालीम रूपकांनी भरलेली असे आणि वादकांच्या स्टँडवर तो सूचनांच्या चिठ्ठ्याही ठेवत असे. व्हिएन्ना फिलहार्मोनिकसोबत 1974 मध्ये त्याने ध्वनिमुद्रित केलेली पाचवी आजही कंडक्टर मंडळी कान टवकारून ऐकतात. पण त्याच्याकडे प्रत्येक रूपकामागे नेमकी लांबी, नेमका जोर ठरलेला असे. कंडक्टर हान्स फॉन ब्यूलोने 1880 पासून जर्मनीतल्या माइनिंगेनमध्ये तंतुवाद्ये आणि फुंकवाद्ये वेगवेगळी बसवून तालमी घेतल्या, त्यामागेही हीच काटेकोर वृत्ती होती. इटालियन कंडक्टर तोस्कानिनीसारखा आरडाओरडा मात्र आज कोणी करू नये आणि वादकांनी तो सहनही करू नये.

काही जागा अशा असतात की तिथे कंडक्टरने हात बाजूला घ्यावा. पहिल्या भागात मूळ विषय परत येतो तेव्हा सगळा वाद्यवृंद अचानक थांबतो आणि एकटा ओबो संथपणे एक छोटी, ताल सोडलेली ओळ वाजवतो. मी तिथे काठी खाली ठेवतो. ओबोवादक स्वतःच्या श्वासाप्रमाणे वाजवेल. मला फक्त त्याचा शेवटचा स्वर ऐकून बाकीच्यांना आत घ्यायचे असते. ती ओळ मी तालमीत एकदाच घेतो. पाच वेळा घेतली की तिचे ताजेपण संपते आणि ओबोवादकाच्या ओठांवर विनाकारण भार येतो. त्याच परतीत आणखी एक निर्णय असतो: सुरुवातीला जी ललकारी दोन हॉर्न देतात, ती इथे बीथोव्हेनने बासूनना दिली आहे, कारण ई फ्लॅटमधल्या बिनवाल्व्हच्या हॉर्नना सी मेजरमध्ये ते स्वर नीट देता येत नव्हते. आज हॉर्नला ते सहज जमतात, म्हणून पुष्कळ कंडक्टर ती ललकारी हॉर्नकडून घेतात. मी बासूनच ठेवतो आणि त्यांना एवढेच सांगतो की हॉर्नची नक्कल करू नका, आपल्याच आवाजात ठणकावून वाजवा.

दुसऱ्या भागाला कमी वेळ पुरतो. व्हायोला आणि चेलो मिळून गातात, डबल बास बोटांनी तारा छेडतात, आणि तिथे एकच दुखणे असते: टिंब लावलेली लय सैलावून तिगोडीकडे झुकते. माझ्या जुन्या सहकाऱ्यांना ते सांगताना मला अजून संकोच वाटतो, कारण व्हायोलाच्या खुर्चीवर बसून तीच चूक मी कित्येक वर्षे केली आहे.

तिसऱ्या भागाच्या मधल्या तुकड्यात चेलो आणि डबल बास एकदम धावायला लागतात. हा तुकडा बासवादकांच्या निवड-चाचणीत हमखास विचारला जातो, म्हणजे प्रत्येकाने तो एकट्याने शेकडो वेळा वाजवलेला असतो, आणि तालमीतली अडचण नेमकी तीच आहे. सहा बासवादक सहा वेगवेगळ्या खोल्यांत तयार केलेला तुकडा घेऊन येतात. मी त्यांच्याकडून तो मध्यम गतीत, हळू आवाजात, गजाचा अगदी थोडा भाग वापरून घेतो. जोर काढून घेतला की प्रत्येकाला शेजारचा ऐकू येऊ लागतो. त्यानंतर गती वाढवायला दोन मिनिटे पुरतात.

त्या भागाच्या शेवटी जो पूल आहे त्यावर मी सर्वांत जास्त वेळ खर्च करतो. सुमारे 50 बार तंतुवाद्ये जवळजवळ न ऐकू येणारे लांब स्वर धरून बसतात, टिम्पनी (मोठे नगारे) एकाच सी स्वरावर ठोके देत राहते, पहिली व्हायोलिने चाचपडत वर सरकतात, आणि शेवटच्या आठ बारमध्ये आवाज वाढत जाऊन सी मेजरमधला चौथा भाग न थांबता फुटतो. इथे सगळ्यांची एकच प्रवृत्ती असते: पुढे काय येणार हे ठाऊक असल्यामुळे आवाज आधीच वाढवायचा. मी सांगतो की वाढ लिहिली आहे तिथे तिची सुरुवात म्हणजे अजून हळूच. पहिले चार बार काहीही बदलू नका. गतीचाही प्रश्न आहे. तिसऱ्या भागात बारला एक थाप, मिनिटाला 96. चौथ्यात अर्ध्या स्वराला 84. म्हणजे थाप किंचित जड होते, तरी घसरण झाल्यासारखे वाटता कामा नये. ते शेवटचे आठ बार आणि नव्या भागाचे पहिले दोन बार, इतकाच तुकडा मी चार-पाच वेळा घेतो.

चौथ्या भागात तुतारी, ट्रॉम्बोन आणि टिम्पनी यांच्यापुढे तंतुवाद्ये बुडतात, कारण आजची धातूची वाद्ये 1808 पेक्षा कितीतरी जोरकस आहेत. त्यांना सरसकट हळू वाजवा म्हटले की जोम जातो. त्यापेक्षा लांब स्वर जोरात सुरू करून लगेच आवाज थोडा सोडून द्या असे सांगितले की ठसाही राहतो आणि खालची व्हायोलिनेही ऐकू येतात.

मुंबईसंबंधी विचारले गेले आहे म्हणून थोडे सांगतो. व्हायोलिनवादक मेहली मेहतांनी 1935 मध्ये बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला, आणि गोव्यातल्या चर्चच्या शाळांत नोटेशन शिकून आलेल्या वादकांनी पुढे मुंबईचे सिनेसंगीतही वाजवले. कागद समोर आला की पहिल्याच वाचनात वाजवणारी ती माणसे होती. 2006 मध्ये नरिमन पॉइंटच्या एनसीपीएत सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया सुरू झाला, ज्यात इथल्या वादकांबरोबर परदेशातून हंगामापुरते येणारेही असतात. वेगवेगळ्या परंपरांत शिकलेली माणसे अशी थोड्या दिवसांसाठी एकत्र येतात तेव्हा पहिली तालीम गजाचा कोणता भाग वापरायचा आणि स्वर किती लांब सोडायचा, याच एका गोष्टीवर जाते, आणि ती जाऊ द्यावी.

शेवटची, म्हणजे जनरल तालीम मी पहिल्या बारपासून शेवटपर्यंत, भागांच्या मध्ये प्रयोगात घेणार तेवढाच विराम घेऊन चालवतो. यामागे ट्रॉम्बोनवाल्यांचा विचार असतो. आधीच्या तालमींत त्यांनी गरम वाद्यावर, गरम ओठांनी वाजवलेले असते. प्रयोगात त्यांना वीसेक मिनिटे गप्प बसून, वाद्य गार पडलेले असताना, पहिल्याच स्वराला पूर्ण आवाजात आत यायचे असते. गार वाद्य स्वरात खाली उतरते. तिसऱ्या भागात वाद्यात नुसती ऊब फुंकत राहायचे की आणखी काही करायचे, हे त्यांना त्या दिवशी स्वतः आजमावू देतो. त्या तालमीत मी सहसा थांबत नाही. एखादा भाग सहाय्यकाच्या हाती काठी देऊन सभागृहाच्या मागच्या रांगेत जाऊन ऐकतो; व्यासपीठावर कानठळ्या बसवणारी टिम्पनी तिथे बोथट ऐकू येते. मग टिम्पनीवादक विचारतो, पुलाच्या जागी कडक काठी घेऊ की मऊ? मी त्याला दोन्ही जोड्या शेजारी ठेवायला सांगतो. लोक भरले की सभागृहाचा आवाज बदलतो, आणि पहिल्या तीन भागांत तो कसा बदलला आहे हे माझ्यापेक्षा त्याला वाद्यवृंदाच्या मागच्या रांगेतून जास्त चांगले कळलेले असेल.